तपासी अंमलदार व्हायचं आहे

लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेचा अर्ज भरताना पदांचे विकल्प द्यावे लागतात. सहायक कक्ष अधिकारी, राज्य कर निरीक्षक, दुय्यम निबंधक ही पदं मी प्रत्येक वेळी निवडली आणि पोलीस उपनिरीक्षक हे पद प्रत्येक वेळी सोडलं. अभ्यासिकेतल्या मैत्रिणी पहाटे मैदानावर धावायला आणि गोळाफेकीच्या सरावाला जायच्या, तेव्हा मी त्यांना या नोकरीतले धोके समजावून सांगायचे. या वर्षी मी ते पद निवडलं आहे. नुसतं निवडलं नाही, बाकीच्या पदांआधी तेच मिळावं अशी माझी इच्छा आहे.

वर्दीची भुरळ पडली, असा काहींचा समज झाला. काहींना वाटलं, बाकीच्या पदांच्या गुणांची मर्यादा फार वर गेली म्हणून ही तडजोड असावी. दोन्ही खरं नाही. माझं मत का बदललं हे नीट सांगायचं, तर आधी ते तसं का होतं हे सांगायला हवं. कारण माझी जुनी कारणं पोकळ नव्हती, आजही नाहीत.

पहिलं कारण घरचं. आमच्या विहिरीवरची मोटर केबलसकट चोरीला गेली आणि अण्णा फिर्याद द्यायला गेले. 'अर्ज ठेवून जा, बघू', असं उत्तर मिळालं. ते पुन्हा गेले, पुन्हा तेच ऐकून परतले. गुन्हा शेवटपर्यंत नोंदवला गेला नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलं होतं. आमची मोटर त्यानंतर गेली. अण्णांना त्या निकालाची माहिती नव्हती, आणि समोरच्या माणसाने ती करून दिली नाही. त्यानंतर आमच्या घरात पोलीस हा शब्द नीट तोंडाने कोणी उच्चारला नाही.

दुसरं कारण कायद्याच्या वर्गात मिळालं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला आम्हाला अभ्यासाला होता. उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या दोन्ही पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सोडून दिलं. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. हे सारं आपल्या राज्यातल्या एका ठाण्यात सुरू झालं होतं. ज्या जागी बाईने आधार मागायला जायचं तीच जागा, हा विचार मला त्या वयात सहन झाला नाही.

तिसरं कारण सगळ्यांत भक्कम होतं. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम २५ सांगत असे की, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. या तरतुदीला इतिहास आहे. मद्रास इलाख्यात होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८५५ साली अहवाल दिला. कबुली मिळवण्यासाठी माणसांचे कसे हाल केले जात, हे त्यातून समोर आलं. पुढे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही बंदी आली आणि तिथून ती पुरावा कायद्यात गेली. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याचं कलम २३ तेच सांगतं. शेजाऱ्यापाशी, मित्रापाशी, गावातल्या गुरुजींपाशी दिलेली कबुली न्यायालय निदान तपासून तरी पाहतं. पोलिसापाशी दिलेली पाहतच नाही. कायद्याचाच ज्यांच्यावर विश्वास नाही, त्यांच्यात मी का जावं? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते शोधावं असंही वाटलं नाही.

मी उसाच्या पट्ट्यातल्या एका पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे. गंभीर गुन्ह्यांच्या पंचनाम्यांना सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून बोलावतात. असं पत्र आलं की कार्यालयात कोणालाच आनंद होत नाही. दिवस जातो, आणि पुढे कधीतरी साक्षीचं समन्स येतं. एका सकाळी तसं पत्र माझ्या नावाने आलं.

वस्तीवर एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचा खून झाला होता आणि अंगावरचे दागिने गेले होते. जखमा कोयत्याच्या दिसत होत्या. गळीत हंगाम चालू होता आणि जवळच्या फडावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. गावाने लगेच ठरवून टाकलं की हे काम तिथल्याच एका बैलगाडीवानाचं आहे. माणूस परजिल्ह्यातला, हातात कोयता, आणि बाजूने बोलायला गावात कोणी नाही. त्याच्या कोपीभोवती जमाव जमला. तपास करणाऱ्या सहायक पोलीस निरीक्षक मॅडमनी त्याला आधी तिथून बाहेर काढलं. त्या रात्री आपण कारखान्यावर गाडी घेऊन रांगेत होतो, असं तो सांगत होता. मॅडमनी वजनकाट्याची पावती मिळवली, कारखान्याच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण ताब्यात घेतलं, आणि तो खरं बोलतोय हे सिद्ध झालं.

हे मला नंतर कळलं, आणि त्यातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. तो माणूस सुटल्यावरही मॅडमनी त्या चित्रीकरणासाठी तेव्हा लागू असलेल्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र रीतसर घेतलं आणि ते कागदपत्रांना जोडलं. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं आहे. मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणून सिद्ध केलं, तरच त्यातून सूट मिळते. उद्या खऱ्या आरोपीचे वकील म्हणू शकले असते की खून त्या गाडीवानाने केला आणि पोलिसांनी भलत्यालाच धरलं. तो दरवाजा मॅडमनी त्याच आठवड्यात बंद केला. एका निरपराध माणसाचं निर्दोषत्व त्यांनी गुन्हा सिद्ध करावा तितक्याच काळजीने सिद्ध केलं.

मला बोलावलं ते दुसरा संशयित अटकेत आल्यावर. माझ्यासोबत पंच म्हणून एक ग्रामसेवक भाऊसाहेब होते. आमच्यासमोर आरोपी सगळंच बोलायला लागला. का केलं, कसं केलं, कोणाला सांगितलं. मी हादरून ऐकत होते. मॅडम शांत होत्या. रायटरने त्याचं निवेदन लिहून घेतलं, आम्हाला वाचून दाखवलं, आमच्या सह्या घेतल्या. मग आम्ही निघालो. जीपमध्ये मी विचारलं, "मॅडम, त्याने कबूल केलंच आहे, मग आता काय राहिलं?"

"सगळंच राहिलंय," त्या म्हणाल्या. "त्याचं बोलणं कोर्टात टिकणार नाही. तो जी वस्तू काढून देईल, ती टिकेल."

पुढचे काही तास मी जे पाहिलं, त्यासारखं काम मी आमच्या कार्यालयात कधी पाहिलेलं नव्हतं. आरोपी पुढे, आम्ही मागे. ओढ्याकाठी एका जुन्या मोटरघरामागे त्याने दगड दाखवला. दगड उचलण्याआधी फोटो. डीपीच्या खांबापासून टेपने अंतर. दगड हलवण्याआधी खालचं काही दिसतं का, हे आम्हा दोघांना वाकून बघायला सांगितलं आणि आमचं उत्तर लिहून घेतलं. कोयता निघाला तेव्हा एक शिपाई सवयीने पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. कोयता हातमोजे घालून उचलला, लांबी-रुंदी घेतली, मुठीवरची खूण नोंदवली. डागांचा भाग प्लॅस्टिकला लागता कामा नये, ओल धरली की रक्ताचा नमुना खराब होतो, म्हणून तो कागदात बांधला. आमच्या सह्यांची लेबलं, वर लाखेचं सील, वेळ, जागा. शेवटी पंचनामा आमच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "प्रत्येक ओळ वाचा. जे पाहिलं नसेल त्यावर सही करू नका." भाऊसाहेबांनी एक अंतर चुकीचं लिहिल्याचं दाखवलं. पुन्हा टेप धरला गेला, दुरुस्ती झाली, दुरुस्तीवर सह्या झाल्या.

पुढे सत्र न्यायालयात माझी साक्ष झाली. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी विचारलं, ओढा सगळ्या गावाला खुला आहे ना? हो. तिथे कोणीही काहीही ठेवू शकतं ना? हो. दगडाखालचा कोयता तुम्हाला आधी दिसत होता? नाही, दगड उचलल्यावरच दिसला. तुम्ही सरकारी नोकर, पोलिसांना नाही म्हणायची तुमची सोय नव्हती ना? मी म्हटलं, यायला नाही म्हणता आलं नसतं, सही करायला नाही म्हणता आलं असतं. कागद कसला होता, सील कोणी केलं, लेबलावर कोणाच्या सह्या होत्या, हेही त्यांनी विचारलं.

त्या पिंजऱ्यात उभी असताना मला एक गोष्ट उमगली. वकिलांचा प्रत्येक प्रश्न मॅडमनी ओढ्याकाठीच ऐकला होता. खांबापासूनचं अंतर, वाकून बघायला सांगणं, कागद, सील, दुरुस्तीवरच्या सह्या, ही सगळी त्या प्रश्नांची आधीच तयार ठेवलेली उत्तरं होती. वकील त्यांचं कर्तव्य करत होते. त्यांच्या अविश्वासामुळेच पंचनामा इतका काटेकोर झाला होता. पुढे आरोपीला शिक्षा झाली. निकालाला आधार होता तो कोयत्याचा, त्यावरच्या रक्ताच्या अहवालाचा, दागिने विकत घेणाऱ्या सराफाच्या नोंदवहीचा. ठाण्यात त्याने आमच्यापुढे सांगितलेल्या सगळ्या हकिगतीतून न्यायालयाने उचलला तो फक्त कोयता दाखवण्यापुरता भाग. आरोपीच्या निवेदनातला किती भाग पुराव्यात घ्यायचा, याची ही मर्यादा प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टाया खटल्यात स्वातंत्र्याआधीच आखून दिली आहे.

त्यानंतर मी कलम २५ नव्याने वाचलं. आधी त्यात मला पोलिसांचा अपमान दिसत होता. आता त्यात कामाची व्याख्या दिसते. कायदा तपास करणाऱ्याला सांगतो, माणसाच्या तोंडून काढून घेतलेलं मला देऊ नकोस. त्याच्या बोलण्यावाचूनही जे उभं राहील, ते शोधून आण. ही अट ज्याला जाचक वाटते, तो मारहाणीकडे वळतो. ही अट ज्याला पटते, त्याला डोळे उघडे ठेवून जमिनीवर वाकावं लागतं, रजिस्टरं चाळावी लागतात, रांगेत उभ्या गाड्यांची पावती शोधावी लागते. अण्णांना जे पोलीस भेटले आणि मला जे भेटले, त्यांच्यातला फरक मला इथे सापडला.

आपल्या मनात पोलिसांच्या पराक्रमाची चित्रं असतात ती पकडण्याची. मधुकर झेंडे यांनी एप्रिल १९८६ मध्ये गोव्यातल्या पर्वरीच्या हॉटेलात चार्ल्स शोभराजला धरलं, ही गोष्ट मराठी घरांत आजही सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलून कसाबला जिवंत हाती लागू दिलं, त्या शौर्यापुढे तर शब्द थिटे पडतात. पण त्यानंतर काय झालं याकडे आपण कमी पाहतो. मुंबई गुन्हे शाखेत रमेश महाले यांच्या हाती तपास होता. फेब्रुवारी २००९ मध्ये अकरा हजारांहून अधिक पानांचं दोषारोपपत्र दाखल झालं. हातात रायफल घेतलेला कसाब साऱ्या जगाने छायाचित्रात पाहिला होता, तरी त्याचा कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यांपुढेच नोंदवावा लागला. मे २०१० मध्ये न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी त्याला दोषी ठरवलं आणि त्याच निकालात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दोन्ही गोष्टी कायम केल्या. इतक्या संतापाच्या काळातही पुरावा मोजूनमापून पाहिला गेला, म्हणूनच कसाबच्या शिक्षेला जगासमोर वजन आलं.

याउलट पुरावा ढिला राहिला की काय होतं, तेही मी वाचलं. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई हा २०१४ चा निकाल मी कार्यालयातून घरी आल्यावर एका बैठकीत वाचला आणि रात्री झोप लागली नाही. सहा वर्षांच्या मुलीवरचा अत्याचार आणि खून. तपासातल्या आणि खटला चालवण्यातल्या उणिवांमुळे आरोपी सुटला, आणि सर्वोच्च न्यायालयालाही ती सुटका कायम करावी लागली. न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितलं की अशा सुटकांचा आढावा घ्या आणि दोष असलेल्या अधिकाऱ्यांची जबाबदारी निश्चित करा. मी तोपर्यंत समजत होते की न्याय म्हणजे न्यायाधीशांचं काम. न्यायाधीशांच्या हाती तेवढंच पोचतं, जेवढं पहिल्या काही तासांत कोणीतरी घटनास्थळावरून उचलून, बांधून, सील करून ठेवलेलं असतं. तिथे जे हरवलं ते कोणत्याही अपिलात परत मिळत नाही.

या नोकरीबद्दलचे माझे आक्षेप विरघळून गेले आहेत, असं मी म्हणणार नाही. तपासाचं काम आणि कायदा-सुव्यवस्थेचं काम वेगळं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सांगितलं. आजही त्याच उपनिरीक्षकाला सकाळी मिरवणुकीचा बंदोबस्त, दुपारी मंत्र्यांचा दौरा आणि रात्री खुनाचा तपास करावा लागतो. बदलीची टांगती तलवार असते. दोषारोपपत्र साठ किंवा नव्वद दिवसांत गेलं नाही तर आरोपी जामिनाचा हक्क मागतो, आणि दिवस मोजणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याच वेळी इतर डझनभर गुन्हे असतात. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं आहे. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं, अशी तरतूद आली आहे आणि ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. मला हे बदल मनापासून हवे आहेत. पण कॅमेरा धरणारा हात कोणाचा आणि तज्ज्ञ येईपर्यंत जागा कोण सांभाळणार, हे प्रश्न शेवटी त्या ठाण्यातल्या अधिकाऱ्यापाशीच येऊन थांबतात.

मथुराच्या खटल्याने मला या नोकरीपासून लांब ठेवलं होतं. आज तोच खटला मला तिकडे ओढतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम २४ सांगतं की बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, आणि जबाब घेताना तिच्या अंगावर वर्दी नसावी. मी ज्या पदासाठी अर्ज केला आहे, त्याच पदाचं नाव कायद्याने तिथे लिहून ठेवलं आहे. एखाद्या तालुक्यात अशी अधिकारी नसेल, तर त्या मुलीचा जबाब कोण घेईल? मी वर्षानुवर्षं बाहेर उभी राहून म्हणत होते की ठाण्यात बाईला आधार मिळत नाही. मग आत जाण्याची पात्रता आणि वय हातात असताना दुसऱ्या कोणी जावं, असं म्हणत राहणं मला आता पटत नाही.

अण्णांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जा. पण मोटर गेलीय म्हणून कोणी दारात आला, तर त्याला अर्ज ठेवून जा म्हणू नकोस." मी शब्द दिला आहे. निवड झाली तर नाशिकच्या अकादमीत जे शिकवलं जाईल, त्याआधीची माझी शपथ हीच.

आता पहाटे मीही मैदानावर असते. महिलांसाठीची १५७ सेंटिमीटर उंची माझ्याकडे जेमतेम आहे, धावण्याचा वेळ अजून कमी करायचा आहे, आणि लेखी परीक्षेचं काय होईल हे आयोगच जाणे. अभ्यासिकेत नव्या मुली विचारतात, ताई, हे पद घेऊ का? पूर्वी मी त्यांना घाबरवायचे. आता त्यांना एकच काम सांगते. आपल्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाचं एखादं निर्दोष सुटकेचं निकालपत्र ई-कोर्टवरून काढ आणि शेवटपर्यंत वाच. पंचनाम्यात वेळ नाही, सील कोणाचं ते माहीत नाही, मुद्देमाल पोचायला उशीर का झाला याचं उत्तर नाही, असं तिथे ओळीने लिहिलेलं सापडेल. वाचून झाल्यावर नुसता राग आला, तर बाकीची पदंही चांगली आहेत, त्यांचा अभ्यास कर. आणि त्या दिवशी त्या जागेवर टेप आणि सील घेऊन मी असायला हवी होते असं वाटलं, तर हा विकल्प सोडू नकोस.